बिंदूनंतरचे पाणी

मोरचुदाचा प्रयोग मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. परीक्षानळीत निळे खडे घ्यायचे, नळी आडवी धरून तापवायची. थोड्याच वेळात नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खड्यांची पांढरी भुकटी होते. त्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की ती पुन्हा निळी होते. आम्हीही हा प्रयोग केला, वहीत निरीक्षण लिहिले आणि पुढे साहित्याकडे वळल्यावर विसरूनही गेलो. मात्र एक प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, तो राहून गेला. फळ्यावर 'कॉपर सल्फेट' असे लिहिले होते ते नेमके कशाचे नाव? निळ्या खड्याचे की पांढऱ्या भुकटीचे?

हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, तसाच तो नावाचाही आहे, आणि म्हणून तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडण्यात काही गैर आहे असे आम्हांला वाटत नाही. एखाद्या वस्तूचे नाव ठरवताना तिच्यातले काय तिचे आणि काय पाहुणे, हे आपण कशावरून ठरवतो? सजल क्षारांच्या नावांचा आणि सूत्रांचा गेल्या पावणेतीनशे वर्षांचा इतिहास हा या एका प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

१

जुनी नावे या बाबतीत निःशंक होती. मोरचूद म्हणजे तो निळा खडा. हिराकस म्हणजे तो हिरवट खडा. तुरटी, टाकणखार, धुण्याचा सोडा ही सगळी नावे बाजारात मिळणाऱ्या, हाताला लागणाऱ्या, जिभेला कळणाऱ्या वस्तूंची आहेत. संस्कृत रसग्रंथांत मोरचुदाला तुत्थ, मयूरतुत्थ, सस्यक म्हटले आहे. मोराच्या कंठाशी त्याच्या रंगाची तुलना केली आहे. हा रंग पाण्यावाचून नाही, हे त्या ग्रंथकारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी नाव दिले ते पाण्यासकटच्या वस्तूला.

युरोपातही असेच होते. तांबे, लोखंड आणि जस्त यांच्या या स्फटिकांना तिथे 'व्हिट्रिऑल' म्हणत. लॅटिनमध्ये काचेला असलेल्या शब्दावरून ते नाव आले, कारण स्फटिक काचेसारखे दिसत. निळे व्हिट्रिऑल, हिरवे व्हिट्रिऑल, पांढरे व्हिट्रिऑल अशी रंगांवरून त्यांची विभागणी होती. किमयागारांनी या शब्दाच्या सात अक्षरांपासून सुरू होणाऱ्या सात शब्दांचे एक गूढ लॅटिन वाक्यही रचले होते. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यात सापडलेले कडू मीठ 'एप्सम सॉल्ट' झाले. नेहेमाया ग्रू याने १६९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. योहान ग्लाउबर (१६०४–१६७०) याने ज्या मिठाचे गोडवे गायिले आणि ज्याला 'अद्भुत मीठ' म्हटले, ते ग्लाउबरचे मीठ झाले. गाव, माणूस, रंग, चव, गुण: नाव कशावरूनही पडे. त्यात पद्धत नव्हती, पण वस्तू मात्र पूर्ण होती.

आज आपण मोजतो तेव्हा ही गोष्ट अंगावर येते. मोरचुदाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणी असते. तुरटीत ते ४५ टक्क्यांहून थोडे अधिक, एप्सम मिठात ५१, ग्लाउबरच्या मिठात जवळजवळ ५६ आणि धुण्याच्या सोड्याच्या ताज्या स्फटिकांत तर ६३ टक्के. म्हणजे कोरडा, खणखणीत दिसणारा खडा निम्म्याहून अधिक पाणीच असू शकतो. कोरडेपणाची आपली कल्पना डोळ्यांवर आणि बोटांवर उभी आहे, हे यातून दिसते.

२

या पाण्याला स्वतंत्र नाव दिले ते पॅरिसच्या गियोम-फ्रांस्वा रुएल याने. १७४४ मधील आपल्या निबंधात त्याने क्षारांची विभागणी करताना स्फटिकांच्या आकाराबरोबर त्यांतील पाण्याचाही विचार केला, आणि क्षार ज्यात विरघळतो ते पाणी व स्फटिक बनताना त्यात जे राहते ते पाणी, असा भेद केला. दुसऱ्या पाण्यासाठी मराठी पाठ्यपुस्तकांत आज 'स्फटिकजल' हा शब्द आहे. पुढे १७५४ मध्ये त्याने आम्लाशी संयोग पावून क्षार घडवणाऱ्या पदार्थाला 'बेस' म्हटले. तोही शब्द टिकला. रुएलची व्याख्याने पॅरिसच्या राजोद्यानात होत आणि त्यांना गर्दी लोटे. श्रोत्यांत विश्वकोशकार दिदरो होता, आणि पुढच्या पिढीत आंत्वान लाव्हाझिए होता.

लाव्हाझिएने फ्रेंच अकादमीपुढे आपला पहिला निबंध वाचला तो १७६५ मध्ये. त्याचे वय तेव्हा २१ होते आणि विषय होता जिप्सम. जिप्सम तापवले की त्यातून पाणी निघते. उरलेल्या भुकटीत पाणी कालवले की ती घट्ट होते, कारण गेलेले पाणी ती परत घेते. प्लास्टर ऑफ पॅरिस आवळून का येते याचा हा पहिला समाधानकारक उलगडा. आपल्याकडे गणेशोत्सवात प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत अशी तक्रार दरवर्षी होते, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. साच्यात ओतलेले प्लास्टर पाणी पिऊन पुन्हा जिप्सम झालेले असते, आणि जिप्सम पाण्यात फारच थोडे विरघळते.

तेव्हा हे पाणी क्षाराच्या घडणीत भाग घेते, त्याच्या घट्टपणाचे कारण होते, हे लाव्हाझिएला कोणापेक्षाही अधिक ठाऊक होते. म्हणूनच पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे.

३

१७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी रसायनशास्त्रीय नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. गाव, ग्रह आणि माणसे यांच्यावरून पडलेली नावे रद्द करायची आणि नाव ऐकताच पदार्थाची घटना कळावी अशी भाषा घडवायची, हा तिचा संकल्प होता. शास्त्र सुधारल्यावाचून भाषा सुधारत नाही आणि भाषा सुधारल्यावाचून शास्त्र सुधारत नाही, ही लाव्हाझिएची धारणा तत्त्वचिंतक काँदियाककडून आलेली होती. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड हे प्रत्ययांनी ओळखता येणारे भेद त्याच पद्धतीचे. आपल्या शाळेतील मुले आजही ते पाठ करतात.

क्षारांसाठी या पद्धतीने दोन जागा ठेवल्या: एक आम्लाची, एक आम्लारीची. निळे व्हिट्रिऑल झाले तांब्याचे सल्फेट, ग्लाउबरचे मीठ झाले सोड्याचे सल्फेट. वनस्पतींना लिनेअसने दिलेल्या द्विपदी नावांसारखेच हे सुटसुटीत होते. मात्र तिसरी जागा नव्हती, आणि पाणी तिसरे होते. म्हणून ज्याने विशीत प्लास्टरमधल्या पाण्याचा माग काढला, त्याच्याच व्याकरणात त्या पाण्याला विभक्ती मिळाली नाही.

येथे एक सावधगिरी हवी. जुनी नावे ज्ञानी आणि नवी अज्ञानी, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. मोरचूद हे नाव पाणी सांगत नाही. ते फक्त पाण्याला वगळत नाही. नव्या नावाने पहिल्यांदाच वस्तूचे घटक सांगायचे ठरवले आणि म्हणूनच त्यातली उणीव दिसू शकली. जो हिशेब मांडतो त्याचाच हिशेब चुकू शकतो. हे लक्षात घेतले म्हणजे पुढची शंभर-दीडशे वर्षे ही केवळ दुरुस्तीची वाटत नाहीत; नवी भाषा आपल्याच अटीवर उतरण्याचा प्रयत्न करीत होती, असे म्हणता येते.

४

'हायड्रेट' हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रुस्तने वापरात आणला. संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते, हा नियम त्याच्याच नावे आहे. हा शब्द त्याने लावला तो तांब्यासारख्या धातूंच्या ज्या संयुगांना, त्यांना आज आपण हायड्रॉक्साइड म्हणतो. म्हणजे शब्दाने पुढे घर बदलले. पाण्याचे प्रमाणही ठरलेले असते ही त्यामागची कल्पना मात्र कायम राहिली. पाणी स्फटिकात कमीजास्त मुरलेले नसते, मोजून बसलेले असते. १८१९ च्या सुमारास मित्शर्लिखने स्फटिकांच्या समरूपतेचा अभ्यास केला तेव्हा निरनिराळ्या धातूंच्या सल्फेटांचे स्फटिक जुळायचे असतील तर त्यांतील पाण्याचे प्रमाणही जुळावे लागते, हे दिसून आले. पाणी पाहुणे असेल, पण घराचा आकार ते ठरवत होते.

याच काळात सूत्रे आली. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३–१४ मध्ये मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांची आद्याक्षरे चिन्हे म्हणून सुचवली. तांब्याचे 'सी यू' हे 'कुप्रुम'चे, म्हणजे मुळात सायप्रस बेटाचे. गावावरून पडलेली नावे हद्दपार झाली तरी एक बेट असे मागल्या दाराने परत आले. डाल्टनला ही अक्षरे मुळीच रुचली नाहीत. त्याची स्वतःची चिन्हे वर्तुळांची होती. बर्झेलियसने ऑक्सिजनसाठी बराच काळ चिन्हाच्या डोक्यावर ठिपके दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सूत्रांत स्फटिकजलासाठी 'अ‍ॅक्वा'चे संक्षिप्त रूप 'अ‍ॅक' पुष्कळदा आढळते. सूत्रात सर्वत्र मूलद्रव्यांची अक्षरे आणि शेवटी एकदम पाण्याचे अख्खे लॅटिन नाव डोकावते: जणू त्या टोकाशी पृथक्करण थांबले आहे.

पाणी म्हणजे किती हायड्रोजन आणि किती ऑक्सिजन यावरही तेव्हा एकमत नव्हते. डाल्टनपासून अनेकजण ते 'एच ओ' असे लिहीत. मोरचुदाचे सूत्र तांब्याचा ऑक्साइड, स्वल्पविराम, गंधकाचा ट्रायऑक्साइड, अधिक, पाच एच ओ, असे मांडले जाई. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे परिषद भरली, कानिझारोने अणुभारांची बाजू मांडली, आणि पुढच्या काळात पाणी सर्वत्र 'एच टू ओ' झाले. यातली लक्षणीय गोष्ट अशी की मोरचुदातले पाच हे पाचच राहिले. धातूचा आणि पाण्याचा भार बरोबरीने दुप्पट झाल्यामुळे प्रमाण ढळले नाही. तुरटीचे तसे झाले नाही. तिच्या जुन्या सूत्रात पोटॅशचे सल्फेट अधिक अ‍ॅल्युमिनाचे सल्फेट अधिक २४ पाणी असे असे. दोन क्षारांची बेरीज न लिहिता एकच लहानात लहान सूत्र लिहायचे ठरले तेव्हा त्याचे निम्मे होऊन १२ उरले. खड्यातले पाणी थेंबभरही कमी झाले नव्हते. कशाला एक म्हणायचे, हे तेवढे बदलले होते.

५

स्वल्पविराम, अधिकचिन्ह आणि मग बिंदू, असा या सूत्रांच्या विरामचिन्हांचा प्रवास आहे. आज शिक्षक वर्गात वाचतात 'सी यू एस ओ फोर, डॉट, फाइव्ह एच टू ओ'. या बिंदूचा उच्चार होतो, पण अर्थ सांगितला जात नाही. तो गुणाकाराचा नव्हे, दशांशाचा नव्हे, पूर्णविरामाचा तर नव्हेच. तो इतकेच म्हणतो की अलीकडचे आणि पलीकडचे एकत्र आहेत, प्रमाण ठरलेले आहे. कसे एकत्र आहेत ते येथे सांगितलेले नाही. विरामचिन्हांत इतका प्रामाणिक ठिपका आम्हांला दुसरा आढळलेला नाही.

समासाच्या भाषेत सांगायचे तर बिंदूचे सूत्र हा द्वंद्व आहे: दोन्ही पदे प्रधान. 'पेंटाहायड्रेट' हे नाव मात्र पाण्याला गौण करते. 'पंचजल' म्हणून पाहिले तर द्विगूसारखे एक विशेषण कॉपर सल्फेटला जोडते. एकाच वस्तूच्या सूत्रात आणि नावात असे दोन निरनिराळे संबंध सुखाने नांदतात.

बिंदूच्या आड काय आहे हे पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न टॉमस ग्रॅहम याने १८३० च्या दशकात केला. व्हिट्रिऑल वर्गातील क्षार तापवले तर सगळे पाणी सारख्या सहजतेने जात नाही. शेवटचा एक वाटा अधिक चिवटपणे धरून ठेवलेला असतो. मोरचुदाच्या पाचांपैकी चार सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत निघून जातात, पाचवा काढायला २०० च्या पुढे जावे लागते. तेव्हा 'पाच' ही संख्या खरी असली तरी ते पाच एकसारखे नव्हेत, हे ग्रॅहमने ओळखले.

आल्फ्रेड वेर्नरने १८९३ पासून मांडलेल्या सिद्धांताने या भेदाला जागा दिली. धातूच्या भोवती ठरावीक संख्येने रेणू बसतात. काही पाणी या आतल्या वर्तुळात असते, काही बाहेर. क्रोमियम क्लोराइडचे उदाहरण येथे निर्णायक आहे. 'सी आर सी एल थ्री, डॉट, सिक्स एच टू ओ' हे एकच सूत्र असलेले तीन निरनिराळे पदार्थ आहेत: एक जांभळा, एक निळसर हिरवा, एक गडद हिरवा. पहिल्यात सहाही पाणी धातूला लगटलेले आहे. दुसऱ्यात पाच, आणि एका क्लोरिनने आत जागा घेतल्यामुळे एक पाणी बाहेर. तिसऱ्यात चार आत, दोन बाहेर. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर किती क्लोरिन साक्याच्या रूपाने लगेच खाली बसतो यावरून हे ओळखता येते. बिंदूचे सूत्र या तिघांना एकच म्हणते. ते खोटे नाही, अपुरे आहे; आणि अपुरेपणा लपवत नाही हे त्याचे शील आहे.

मोरचुदाचा उलगडा यथावकाश झाला. क्ष-किरणांचे स्फटिकातून विवर्तन होते हे म्युनिकमध्ये १९१२ साली पहिल्यांदा दिसले, ते फॉन लाउएच्या कल्पनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी घेतलेल्या मोरचुदाच्या खड्यातच. त्या खड्याची पूर्ण रचना बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये मांडली. चार पाणी तांब्याभोवती आहेत. पाचवे तांब्याला लागून नाहीच. ते हायड्रोजनच्या बंधांनी सल्फेटाशी आणि शेजारच्या पाण्याशी बांधलेले आहे. निळा रंग या पाण्याने वेढलेल्या तांब्याचा आहे. म्हणजे मोराच्या कंठाचा तो रंग ना निव्वळ कॉपर सल्फेटाचा, ना पाण्याचा. दोन्ही पदे आपल्याबाहेरच्या तिसऱ्याकडे बोट दाखवतात. वैयाकरण याला बहुव्रीही म्हणतील.

६

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाने २००५ च्या आपल्या शिफारशींत या नावांचा पुन्हा विचार केला. अडचण व्याकरणाची होती. 'एट' हा प्रत्यय आता ऋण आयनांसाठी राखलेला आहे, आणि हायड्रेटमध्ये तसा आयन नाही. म्हणून नियमाला धरून असलेले नाव 'कॉपर सल्फेट', लांब रेघ, 'पाणी', आणि कंसात एकास पाच हे प्रमाण, असे दिले गेले. त्याचबरोबर 'हायड्रेट' हा शब्द रूढ असल्यामुळे चालेल, असेही म्हटले गेले. शास्त्राच्या भाषेतही रूढी शास्त्रापेक्षा बलवान ठरते, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही. नियमाचे नाव म्हणजे उघड द्वंद्व, रूढ नाव म्हणजे विशेषण. दोन्ही एकाच पानावर राहिले.

याचा आपल्याशी संबंध काय? परिभाषेच्या वादात आपण नेहमी विचारतो, शब्द संस्कृतातून घडवावा की इंग्रजीतून उचलावा. 'स्फटिकजल' की 'वॉटर ऑफ क्रिस्टलायझेशन', 'निर्जल' की 'अ‍ॅनहायड्रस'. हा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण सोडून देतो: नाव कोणत्या अवस्थेतल्या वस्तूचे आहे? नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत फवारायच्या बोर्डो मिश्रणाचे एक टक्क्याचे प्रमाण शेतकऱ्याला पाठ असते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे एक किलो निळ्या खड्यांचे आहे. त्यात सुमारे २५५ ग्रॅम तांबे असते आणि ३६० ग्रॅम पाणी. पुस्तकातल्या 'कॉपर सल्फेट' या शब्दावर विसंबून कोणी निर्जल भुकटी एक किलो घेतली, तर तांबे दीडपटीहून अधिक पडेल. प्रयोगशाळेत असे झाले तर द्रावण चुकते. बागेत झाले तर चुन्याशी ठरलेला तोल बिघडून पाने करपण्याचा धोका असतो. येथे दुकानदाराचा मोरचूद हा शब्द नेमका आहे, आणि शास्त्रीय वाटणारे अर्धे नाव मोघम.

तेव्हा बोलीतली नावे भोळी आणि परिभाषा तेवढी काटेकोर, ही आपली समजूत तपासून घ्यायला हवी. काटेकोरपणा शब्दाच्या कुळात नसतो. काय वगळले आहे हे शब्दाला सांगता येते की नाही, यात असतो. शाळेच्या वहीत आम्ही 'कॉपर सल्फेट निळे असते' असे वाक्य लिहिले होते आणि त्याला बरोबरची खूण मिळाली होती. नळीच्या तोंडाशी जमलेले पाणी पाहूनही आम्ही ते वाक्य बदलले नाही. बिंदू आणि त्यापुढचे पाणी तेवढे लिहायचे राहिले.